भाऊजींना काय उत्तर द्यायचं

चि. लेकीस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला मोकळेपणाने बोलता येत नव्हतं हे कळत होतं, म्हणून मीही जास्त ताणलं नाही. लिहून पाठवते. सवडीने वाच, आणि भाऊजींशी बोलायच्या आधी हवं तर पुन्हा नजर टाक.

भाऊजींनी, म्हणजे तुझ्या दिरांनी, कर्जासाठी तुझ्याकडे पैसे मागितलेत आणि जामीन राहा म्हणतात, तर काय करू, असं तू विचारलंस. आधी उत्तर देऊन टाकते. त्यांच्या हातात रोख पैसे देऊ नकोस. कर्जाला जामीन राहू नकोस. आणि ‘मला जमणार नाही, पुन्हा विचारू नका’ असं म्हणून विषय तोडूही नकोस. पहिल्या दोन गोष्टी तुला सांगायची गरज नव्हती, व्यवहारात तू माझ्यापेक्षा पक्की आहेस. तिसरीसाठी मात्र हे एवढं लांबण लावते आहे.

तुझा मुख्य प्रश्न असा की भाऊजी कर्जापायी प्यायला लागले की पिण्यापायी कर्जात गेले. वसुलीच्या टेबलावर नोकरी केली तेवढी वर्षं मी हा प्रश्न ऐकत आले. वरिष्ठ विचारायचे, कर्जदारांच्या बायका विचारायच्या, कधी कधी कर्जदार स्वतःच विचारायचा. सगळ्यांना तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण माणसाला बिचारा म्हणायचं की बेजबाबदार, हे त्यावरून ठरवता येतं. माझं ऐकशील तर हा प्रश्न सोडून दे. त्याचं उत्तर मिळालं म्हणून कुणाचा हप्ता भरला जात नाही की कुणाचा ग्लास सुटत नाही. माझ्यासमोर येणाऱ्यांची सुरुवात कुठूनही झालेली असायची. कुणाची नोकरी गेलेली, कुणाला धंद्यात खोट आलेली, कुणाच्या घरात मोठं आजारपण निघालेलं, आणि कुणाला नुसतीच मित्रमंडळीत सवय लागलेली. पण काही काळ गेला की सगळ्यांच्या फायली सारख्याच दिसायला लागायच्या. तोवर कर्ज पिण्याला खतपाणी घालत असायचं आणि पिणं कर्जाला.

तुला प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो, ही लहानपणापासूनची खोड आहे, म्हणून सांगते. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली बिनतारण कर्ज आणि आरोग्य यांच्यावरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले. बिनतारण म्हणजे कार्डावरची थकबाकी, व्यक्तिगत कर्ज, असं सगळं. कर्ज नसलेल्यांच्या तुलनेत कर्जात असलेल्यांमध्ये त्रासदायक मद्यपानाचं शक्यता-गुणोत्तर २.६८ निघालं, म्हणजे अडीच पटीच्याही वर. नैराश्याचं २.७७. गंमत म्हणजे धूम्रपानाशी असा ठाम संबंध दिसला नाही. मला तर उलटं वाटलं असतं. आधी काय आणि मागून काय, हे अशा अभ्यासांवरून ठरवणं अवघड आहे, असंही त्यांनी सरळ लिहिलं आहे. माझ्या फायलींपेक्षा कितीतरी जास्त माणसं तपासून तेही शेवटी तिथेच आले, याचं मला जरा बरं वाटलं.

याचा अर्थ कर्ज असलेला प्रत्येक माणूस पितो असा काढू नकोस. पैशाची ओढाताण झाली की कित्येक जण उलट पिणं कमी करतात, कारण खिसाच परवानगी देत नाही. ज्यांना पिणं हाच चिंतेवरचा उतारा वाटायला लागलेला असतो, ते मात्र बाकी सगळं कमी करतात आणि तेवढं चालू ठेवतात. भाऊजी कुठल्या गटात आहेत हे तुला ओळखायचंय.

खात्याचा उतारा वाचायची माझी सवय अजून गेलेली नाही. त्यात ‘दारू’ हा शब्द कुठेच लिहिलेला नसतो, तरी ती दिसते. पगार जमा होतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मोठी, गोल आकड्याची रोकड निघते. महिन्याच्या मध्यापासून रकमा लहान होत जातात, पण एकाच संध्याकाळी दोन-तीनदा पैसे काढलेले दिसतात, म्हणजे ‘आता बस’ म्हणून माणूस पुन्हा यंत्रापाशी गेलेला असतो. मग एखादी जमा येते, तीही मध्यरात्रीनंतरची. हे फोनवरून घेतलेलं कर्ज. दिवसा शुद्धीवर घेतलं नसतं असं कर्ज रात्री चार बटणं दाबून घेतलं जातं, आणि सकाळी त्या माणसाला व्याजदरही आठवत नसतो. त्याच्या खाली हप्ता परत गेल्याची नोंद, त्याच्या खाली दंड, त्याच्या खाली बँकेचं शुल्क. आणि पुढच्या महिन्यात हप्त्याएवढीच रक्कम दुसऱ्याच सावकाराकडून जमा. याची टोपी त्याच्या डोक्यावर. कर्ज फिटत काहीच नाही, फक्त फिरतं.

घरचे लोक नेहमी बाटलीचा हिशेब करतात. ‘रोज एवढी, महिन्याला एवढी, मग बाकीचे पैसे गेले कुठे?’ भाऊजीही तुला म्हणाले ना, की माझ्या पिण्याचा खर्च तो काय, त्याने का एवढं कर्ज होतं? ते खोटं बोलत नाहीत. बाटलीची किंमत त्यातला लहान भाग असतो. मोठा भाग भोवताली पसरलेला असतो. बुडलेले अर्धे दिवस, न मिळालेली बढती, सगळ्या टेबलाचं बिल आपणच भरायची लहर, हरवलेला फोन, गाडीला आलेला पोचा, भरायला विसरलेली बिलं आणि त्यांवरचे दंड, आणि आदल्या रात्री कुणाला तरी दिलेला शब्द राखण्यासाठी काढलेले उसने. यातल्या कशालाच कुणी पिण्याच्या खात्यात टाकत नाही, म्हणून बेरीज जुळत नाही.

सह्यांचंही सांगते. कर्जाच्या कागदावर नमुना सही असते, आणि पुढच्या प्रत्येक कागदावरची सही तिच्याशी ताडून बघावी लागते. काही कर्जदारांची सकाळची सही जुळायचीच नाही. अक्षरं फाटलेली, शेवटची रेघ कागदाबाहेर जायला आलेली. त्यातला एकजण डाव्या हाताने उजवं मनगट टेबलावर दाबून धरायचा आणि मग सही करायचा. त्याला दुपारनंतर या म्हटलं की सही अगदी वळणदार. पुढे एका डॉक्टरांनी मला यातलं कारण समजावलं. मेंदूला शांत करणारी जी यंत्रणा आहे तिला दारू जोर देते. रोजच असं होत राहिलं की तोल राखण्यासाठी मेंदू उत्तेजनाची बाजू वाढवून ठेवतो. मग दारू उतरली की ते उत्तेजन तेवढं मोकळं उरतं, आणि शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात. दुपारची सुंदर सही म्हणजे मधल्या वेळात कुठेतरी घोट पोटात गेलेला. तेव्हा भाऊजी सकाळी कप कसा धरतात, एवढं बघ. टेहळणी म्हणून नको, पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हे कळणं गरजेचं आहे.

रात्रीचंही असंच आहे. कर्जाची चिंता असलेल्याला झोप लागत नाही आणि दोन पेले घेतले की लागते, हे खरंच आहे, ते नाकारू नकोस. पण दारूने आलेली झोप पहिल्या भागात जड असते आणि दुसऱ्या भागात तुटते. पहाटे जाग येते, छाती धडधडत असते, आणि त्या वेळी डोळ्यांसमोर हप्त्याच्या तारखेशिवाय दुसरं काही नसतं. दारू उतरतानाची बेचैनी आणि कर्जाची बेचैनी यांत त्या माणसाला फरक करता येत नाही. त्याला वाटतं की ही सगळी कर्जाचीच. मग संध्याकाळी त्यावर पुन्हा तोच उपाय.

आता जरा डोक्याबद्दल. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये अशी मांडणी केली की दारूमुळे माणसाचं लक्ष आकसतं. समोरचं, आत्ताचं तेवढं ठळक दिसतं आणि लांबचे परिणाम धूसर होतात. दुसरीकडे २०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची तोडणीच्या आधी आणि नंतर बुद्धीची परीक्षा घेतली. माणूस तोच. तोडणीआधी हातात पैसा नसताना त्याला कमी गुण मिळाले, पैसा आल्यावर जास्त. पैशाची चणचण म्हणजे नुसता खिसा रिकामा असणं नव्हे, ती डोक्यातली जागा व्यापून बसते. आता ही दोन्ही संशोधनं शेजारी शेजारी ठेव. कर्जाने डोक्यातली जागा आधीच खाल्लेली, उरली होती तेवढी नजर दारूने आखूड केलेली. अशा माणसाला ‘पुढच्या पाच वर्षांचा विचार करा’ असं सांगण्यात काय हशील? तो पुढचा आठवडाही नीट बघू शकत नसतो. म्हणूनच उपदेश करणारे नातेवाईक मला कधी फारसे मानवले नाहीत. आमच्या वसुलीवाल्यांचा दरडावणीचा सूरही नाही. दरडावलं की तो माणूस त्या दिवशी कुठून तरी पैसे आणून भरायचा, आणि ते ‘कुठून तरी’ आधीच्यापेक्षा महाग असायचं.

व्याजाचं गणित तुला येतं, पण भाऊजींना एकदा कागदावर करून दाखव. महिना तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. व्याज भरलंच नाही तर वर्षाच्या शेवटी शंभराचे १४२ होतात आणि २४ महिन्यांत दुपटीच्या वर. आता समज, कार्डवाले म्हणतात की शंभरामागे फक्त पाच भरा, बाकीचं पुढे बघू. त्या पाचांतले तीन व्याजात जातात, मुद्दल उतरतं जेमतेम दोन. किमान रक्कम भरणारा माणूस स्वतःला नियमित समजतो, हप्ता चुकवला नाही म्हणून त्याची झोपही उडत नाही, आणि मुद्दल तिथेच ठाण मांडून बसतं. पिणाऱ्याच्या बाबतीत याचा एक खास तोटा आहे. बरेच महिने त्याने खरोखर हात आवरला तरी आकडा जवळपास जागेवरच. ‘एवढं करून काय मिळालं?’ हा प्रश्न मग फार लवकर येतो, आणि तो आला की संयम सुटतो. पिणं सुटण्यासाठीसुद्धा कर्ज हलताना दिसावं लागतं, ते यासाठी.

उलटही तितकंच खरं. घरच्यांनी दागिने मोडून कुणाचं सगळं कर्ज एका दिवसात फेडावं, आणि वर्षभरात त्याचंच नाव पुन्हा आमच्या थकबाकीच्या यादीत यावं, असं मी पाहिलंय. कर्ज फिटलं, खातं स्वच्छ झालं, आणि स्वच्छ खात्यावर नवं कर्ज आणखी सहज मिळालं. पिण्याला कुणी हात लावला नव्हता. म्हणून मी म्हणते की या दोन्ही गोष्टींना एकाच वेळी हात घालायचा. आधी दारू सोडू दे मग कर्जाचं बघू, किंवा आधी कर्जाचं ओझं उतरू दे मग दारू आपोआप सुटेल, या दोन्ही वाटा मला बहुतेक वेळा आडरानात गेलेल्याच दिसल्या. १९३५ साली अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू झालं, ते तुला माहीत असेल. त्यातून दारू सोडलेल्या काही जणांच्या १९६८ च्या सुमाराला लक्षात आलं की दारू सुटली तरी उधारी सुटलेली नाही. त्यांच्या बोलण्यातून पुढे डेटर्स अनॉनिमस नावाचे कर्जदारांचे वेगळे गट उभे राहिले. दारू सोडलेल्या माणसांनाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही.

भाऊजींचं एक वाक्य मला सगळ्यात खटकलं, ते म्हणजे ‘घरी कुणाला सांगू नका.’ कर्ज आणि पिणं दोन्ही लपवण्यावर पोसतात. माणूस कर्जाची पत्रं लपवतो, बाटल्या लपवतो, आणि त्यासाठी घरातल्या एखाद्याला आपल्या बाजूला ओढतो. तो एखादा म्हणजे सध्या तू आहेस. वहिनी मऊ आहे, हे त्यांनी बरोबर हेरलंय. हा डाव आहे असं मी म्हणत नाही. लाज असते, भाऊ काय म्हणेल ही भीती असते. पण जावईबापूंपासून लपवून तू एक पैसाही हलवू नकोस. भाऊजींना सरळ सांग की मी यांच्यापासून लपवणार नाही, तुम्हीच आधी बोला, हवं तर मी शेजारी बसते, आणि दोन दिवसांत तुमच्याने झालं नाही तर मी बोलेन. त्यांना राग येईल. येऊ दे. जावेलाही हे त्यांच्याच तोंडून कळू दे, बाहेरून कळलं तर तिच्यासाठी ते फार वाईट.

जामिनाबद्दल एवढंच की जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्जदाराने भरणं थांबवलं की देणाऱ्याच्या लेखी तूच कर्जदार. ‘नुसती सही तर करायची आहे’ हे वाक्य ऐकून सही केलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसून रडलेली आहेत.

आता तब्येतीचं, कारण पैशाच्या नादात ते मागे पडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. दारू कर्करोगकारक आहे हे तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली जाहीर केलं. हे सगळं भाऊजींनाही ढोबळमानाने माहीत असेल. तुला आणखी एक गोष्ट माहीत असावी म्हणून सांगते. स्कॉटलंडमध्ये २०१७ साली झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की तेवढीच दारू पिणाऱ्या सुस्थितीतल्या आणि तंगीतल्या माणसांत, तंगीतल्यांची हानी जास्त होते. वजन, धूम्रपान वगैरे हिशेबात धरूनही फरक पुरता मिटला नाही. कारणांवर वाद आहेत. मला मात्र यात आश्चर्य वाटलं नाही. कर्जात असलेला माणूस डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलतो, रिकाम्या पोटी पितो, आजारी असताना रजा घेत नाही, आणि पडला तर त्याला सावरायला शिल्लक नसते. ‘साहेबही पितात, त्यांना काय झालं?’ असं भाऊजी म्हणाले तर हे लक्षात असू दे.

यापुढचं नीट वाच, यात चूक झाली तर जिवावर बेतेल.

ते रोज पीत असतील आणि सकाळी हात थरथरत असतील, तर त्यांना एका झटक्यात दारू बंद करायला लावू नका. खोलीत कोंडू नका, शपथा घालू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, ताप, समोर नसलेल्या गोष्टी दिसणं अशी गंभीर अवस्था येऊ शकते. तिच्यात माणूस दगावतोही. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली. तिथे त्या दिवसांपुरती औषधं देतात, ब१ जीवनसत्त्वही देतात, कारण ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दुसरं, जावेला कुणीतरी ‘जेवणात कालवून द्यायचं औषध’ सुचवेल. सुचवतातच. ते बऱ्याचदा डायसल्फिरॅम असतं. त्याने दारूतून तयार होणारा विषारी पदार्थ शरीरात साठतो. पिणाऱ्याला उलट्या होतात, धाप लागते, रक्तदाब खाली जातो. माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरने दिलं तर ते औषध आहे. नकळत दिलं तर विषप्रयोगाहून फार वेगळं नाही. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत, ती ओढ कमी करायला मदत करतात. कुठलं द्यायचं हे यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून डॉक्टरांना ठरवू दे.

तिसरं बोलायला जड जातं. साउदॅम्प्टनच्या त्या २०१३ च्या अभ्यासात कर्जाचा आत्महत्येशी दिसलेला संबंध मद्यपानाशी दिसलेल्या संबंधापेक्षाही जास्त होता, आणि दारू पोटात असताना मनात आलेला विचार आणि हातून घडणारी कृती यांतलं अंतर कमी होतं. भाऊजी ‘सगळ्यांची सुटका करतो एकदाची’ अशा धर्तीचं काही बोलले, विम्याच्या रकमेची चौकशी करू लागले, किंवा अचानक हिशेब आवरते घेऊ लागले, तर थेट विचार: जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडायचं नाही, घातक वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. कर्ज, हप्ते, लोक काय म्हणतील, सगळं बाजूला.

आता तू काय करू शकतेस ते. भाऊजींना सांग की पैसे हातात देणार नाही, पण कर्जाचा सगळा कागद घेऊन बसू. सगळा म्हणजे सगळा. फोनवरची कर्जंही, मित्रांकडचे उसनेही, कामावरची उचलही. एका कागदावर देणेकऱ्याचं नाव, मुद्दल, व्याजदर, हप्ता, तारीख. पहिल्या बैठकीत माणूस निम्मंच सांगतो, हा माझा अनुभव आहे. उरलेलं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निघतं. तेव्हा ‘हे आधी का नाही सांगितलं’ म्हणून तडकू नकोस, तडकलीस की चौथं कर्ज बाहेर येणार नाही.

घरभाडं, किराणा, वीज, औषध, मुलांची फी, हे आधी बाजूला काढायचं. उरेल त्यातून सगळ्यांचं किमान, आणि त्यावर जे जमेल ते सगळ्यात जड व्याजाच्या कर्जावर. मनाला उभारी हवी असेल तर सगळ्यात लहान कर्ज आधी मिटवा, गणितात थोडं नुकसान होईल पण एक देणेकरी कमी झालेला दिसेल. भाऊजींच्या बाबतीत मी हा लहान कर्ज आधी मिटवायचा मार्गच धरीन. मग देणेकऱ्यांकडे स्वतःहून जायचं. हप्ता थकायच्या आधी येणाऱ्या माणसाशी आम्ही वेगळं वागायचो, हे आतली बाई म्हणून सांगते. मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही काळ थांबणं, दंड माफ करणं, एकरकमी तडजोड, हे सगळं शक्य असतं, फक्त मागावं लागतं आणि लेखी घ्यावं लागतं. तडजोडीची रक्कम ठरली तर ‘बाकी काही देणं नाही’ असा कागद हातात आल्याशिवाय समाधान मानायचं नाही. जुनं फेडायला नवं कर्ज मात्र बंद.

पगाराचा दिवस सांभाळायचा. भाडं आणि हप्ते पगाराच्याच दिवशी आपोआप कापले जातील असं करून घ्यायचं. रोकड काढायची मर्यादा कमी करायची, फोनमधली कर्जाची ॲप काढून टाकायची, कार्ड काही दिवस जावेकडे. हे सगळं त्यांच्या होकाराने, त्यांच्या हाताने. लादलं तर महिनाभरात ते दुसरं खातं उघडतील.

पिण्याबद्दल तू निवाडा करू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलंय असं समजतात. ती त्यांनी स्वतः, एकट्याने सोडवावी आणि उत्तरं डॉक्टरला दाखवावीत. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीही वेगळे गट असतात, ॲल-अनॉन म्हणतात त्यांना. जावेला ते सुचव, तिला बोलायला कुणीच नाहीये.

आणि तुला काही द्यावंसं वाटलंच, तर डॉक्टरची फी भर, किंवा मुलाची शाळेची फी परस्पर शाळेत भर. परत येणार नाही असं धरून दे, आणि तसं त्यांना सांगून दे. तू आणखी एक देणेकरी झालीस तर ते तुलाही टाळायला लागतील.

कागद मांडायला मी येते. भाऊजींची हरकत नसेल तरच, आणि सकाळच्या वेळी. माझा काळ वसुलीत गेला हे त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर नंतर कळल्यावर घाबरतील. सगळ्यात जवळचा हप्ता कुठल्या तारखेला आहे तेवढं विचारून मला कळव, म्हणजे त्याच्या आधीचा दिवस धरता येईल.

तुझी,
आई